डबा कुणी संपवला?

माझी सगळी नोकरी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. पापड, मसाले, कुक्कुटपालन, पिठाची गिरणी, शोभेचे मासे अशा नाना धंद्यांची प्रकरणं टेबलावरून गेली. प्रकल्प अहवाल बहुतेक एकाच सीएच्या कॉम्प्युटरमधून निघालेले असत आणि त्यात तिसऱ्या वर्षी नफा दुप्पट व्हायचाच. त्या आकड्यांकडे मी फारसं बघत नसे. समोरच्या माणसाला एवढंच विचारायचो, "माल कोण घेणार?" "सगळेच घेतील की साहेब," असं उत्तर आलं की प्रकरण बारगळलंच म्हणून समजायचं. "कुपवाडच्या दोन कॅन्टीनवाल्यांशी बोलणं झालंय," असं कुणी म्हणालं की मी पेनाचं टोपण काढायचो.

निवृत्तीनंतर हा प्रश्न विसरल्यात जमा होता. गेल्या मार्गशीर्षात माझी आतेबहीण मिरजेहून आली आणि तो पुन्हा वर काढावा लागला. तिचं वय बावन्न. कोविडात तिची बालवाडी बंद पडली ती पडलीच. यजमान साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यात. वर्षापूर्वी तिने एका कंपनीचा 'आयडी घेतला'. त्या जगात धंदा सुरू केला असं म्हणत नाहीत, आयडी घेतला म्हणतात. प्रोटीन पावडर, ओमेगाच्या गोळ्या, पोट साफ करणारं फायबर, सांध्यांसाठी काहीतरी. स्वतः घ्यायचं, इतरांना द्यायचं, इतरांनाही आयडी काढून द्यायचे आणि त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवायचं. पिशवीतून तिने दोन वह्या काढल्या आणि म्हणाली, "दादा, वर्ष झालं. पण मी कमावतेय की घालवतेय तेच कळत नाहीये. वरच्या मॅडम म्हणतात, अजून इन्व्हेस्टमेंटचा काळ आहे."

एका वाक्यात तिने सगळं सांगून टाकलं होतं. किराणा दुकानदाराला रात्री गल्ला मोजला की कळतं. भाजीवालीला तर टोपलीकडे बघूनच कळतं. इथे बारा महिने राबलेल्या, शिकलेल्या, वही ठेवणाऱ्या बाईला ते कळत नव्हतं. यात तिच्या हिशोबाची चूक कमी आणि धंद्याच्या रचनेची करामत जास्त होती. या धंद्यात मालक आणि गिऱ्हाईक एकाच साडीत वावरतात.

आम्ही बसलो. आधी शिल्लक माल हवा होता, म्हणून तिने घरी फोन लावला. भाऊजींनी कपाट उघडून डबे मोजले. चॉकलेटचे चार, व्हॅनिलाचा एक, गोळ्यांच्या सहा बाटल्या. "आणि एकाची तारीख पुढच्या महिन्यात संपतेय," हेही त्यांनी न विचारता सांगितलं. बिचाऱ्यांच्या आवाजात वर्षभराचं न बोललेलं होतं.

हिशोब असा निघाला. दर महिन्याला साडेआठ हजारांची खरेदी, म्हणजे वर्षाची 1,02,000 रुपयांची. "साडेआठच का?" असं विचारलं तर म्हणाली, "तेवढे पॉइंट झाले की आयडी अ‍ॅक्टिव्ह राहतो. नाहीतर खालच्यांचं कमिशन मला मिळत नाही." यातला 41,000 चा माल तिने विकला आणि त्याचे 46,700 हातात आले. 14,000 चा माल कपाटात. उरलेला 47,000 चा माल घरातच खाल्ला-प्यायला गेला. कमिशन म्हणून टीडीएस जाऊन खात्यावर 9,850 जमा. खर्चात दोन सेमिनार, एक पुण्याचा आणि एक हैदराबादचा, तिकीट आणि लॉज धरून 13,200. पेट्रोल, फोन, नमुन्यांची पाकिटं, मीटिंगचा चहा-बिस्किटं यांचे 7,400.

घरात खाल्लेलं आणि कपाटातलं सोडून द्या, तरी 5,050 चा तोटा. तो आकडा बघून तिचा चेहरा चक्क उजळला. "म्हणजे फार नाही ना गेलं?" तिला याहून मोठ्या खड्ड्याची भीती होती.

मग मी विचारलं, "आयडी घेण्याआधी घरात असल्या वस्तूंवर वर्षाला किती जायचे?" ती आठवून म्हणाली, "यांच्या कॅल्शियमच्या गोळ्या, आणि थंडीत च्यवनप्राश." म्हणजे दोन हजार धरू. उरलेले 45,000 कुठल्या खात्यावर टाकायचे? तिच्या वहीत ते 'घरगुती वापर' या सदरात होते आणि म्हणून तोट्यात नव्हते. पण धंदा नसता तर त्या घरात 47,000 ची पावडर आली असती का? नसती. तो धंद्याचाच खर्च होता, फक्त दुधात ढवळून प्यायलेला. तो मिळवला की तोटा पन्नास हजारांवर जातो. रोजचे दोन तास, वर्षाचे सहाशे, मी धरलेलेच नाहीत. ते धरले असते तर तिला बालवाडीतला पगार आठवला असता.

विकलेल्या मालाची गिऱ्हाईकं तीन होती. खोदून विचारल्यावर त्यातली एक सख्खी नणंद निघाली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि बाकी सगळं त्याचाच विस्तार. सप्लिमेंटच्या साखळीत शिरायचं की नाही हे ठरवताना कंपनी किती जुनी, किती देशांत पसरलेली, पावडर शुद्ध की भेसळ, सेमिनारला किती हजार माणसं होती, हे प्रश्न दुय्यम आहेत. डबा कुणी संपवला, हे विचारायचं. ज्याला त्या योजनेतून एक पैसाही मिळणार नाही असा माणूस, त्या छापील भावाला, तो डबा दुसऱ्यांदा घेतो का? 'दुसऱ्यांदा' म्हणतो, कारण पहिला डबा भिडेपोटी जातो. वहिनी दारात आली, नाही कसं म्हणायचं, म्हणून घेतला जातो. भीड एका डब्यापुरती टिकते. दुसऱ्या डब्याला चव, भाव आणि गुण लागतो.

आता, या धंद्याला पावडरच का लागते, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. तांदूळ का नाही, चपला का नाही? तांदळाचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. चप्पल चावली की त्याच दिवशी कळतं. पावडरीचं तसं नाही. तिचा भाव काय असावा याचा गिऱ्हाइकाकडे कुठलाच अंदाज नसतो, ती दर महिन्याला संपते, आणि तिचा गुण आला की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. बरं वाटलं तर पावडरीमुळे. नाही वाटलं तर अजून तीन महिने घ्यायला हवी. अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, तर 'शरीरातली घाण बाहेर पडतेय', म्हणजे पुन्हा गुणच! ज्या वस्तूची हार कधी होतच नाही, तिला साखळीत घालणं सोपं.

शिवाय आपण आजारी, दमलेले, चाळिशी उलटलेले लोक. या कंपन्यांच्या सकाळच्या क्लबात एका छोट्या यंत्रावर उभं करतात, दोन्ही हातांत दांडे धरायला देतात आणि काट्यावर येतं : शरीराचं वय 61. माणूस असतो 48 चा. त्या आकड्यासमोर भले भले गळाठतात. मीही एकदा उभा राहिलो होतो. माझं वय 74 आलं, खरं 66. आठ वर्षं एका मिनिटात गेली ती फुकटात नव्हे हे ओळखून मी गुपचूप खाली उतरलो.

बहिणीने आणलेल्या डब्याची मागची बाजू मी भिंगातून वाचली. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं तिथे छापलेलं होतं, म्हणजे औषध म्हणून वापरू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमावलीनं ही ओळ सप्लिमेंटच्या वेष्टनावर सक्तीची केली आहे. डबा बनवणारा ही ओळ प्रामाणिकपणे छापतो. कारण त्या ओळीच्या विरुद्ध बोलायचं काम त्याला स्वतःला करावंच लागत नाही, ते करायला हजारो बहिणी, वहिन्या आणि निवृत्त मास्तर बाहेर पडलेले असतात. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यापासून बंदी आहे. पण 'माझ्या जावेची शुगर 280 वरून 130 वर आली' हे सोसायटीच्या जिन्यात बोललेलं वाक्य कुठल्या जाहिरातीत मोडतं? या धंद्यात त्याला 'रिझल्ट शेअर करणं' म्हणतात.

बहिणीच्या शेजारच्या काकूंनी तिला विचारलं होतं, "मग मी गोळ्या बंद करू का गं?" तिनं वरच्या मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर कशाला बंद करा म्हणतील? त्यांचं दुकान चालायला नको?" माझी बहीण तिथे शहाणी निघाली. तिनं काकूंना निक्षून सांगितलं, गोळ्या सोडायच्या नाहीत. काकूंनी गोळ्या सोडल्या नाहीत, पुढच्या महिन्यात डबा सोडला. मॅडमच्या मते बहिणीचा 'विश्वास कमी पडला'. म्हणजे चांगलं वागल्याचा तिला थेट तोटा झाला. असला धंदा माणसाला हळूहळू काय करत नेईल याचा अंदाज मला तिथे आला.

पावडर वाईटच असते असं मी म्हणत नाही. कुणाला डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलेलं असतं, कुणाला ब-12 खरंच कमी असतं. त्यांनी तपासणी करावी आणि औषधाच्या दुकानातून आणावं. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची सप्लिमेंट टाळा असं सरळ सांगितलं आहे. शंभर ग्रॅम फुटाण्यांत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत पंचवीसच्या आसपास. मिरजेच्या स्टेशनाबाहेर गाड्यावर ती कागदाच्या पुडीत मिळतात, आणि पुडी देणारा आपल्याला त्याच्या खाली दोन गाडेवाले बसवायला सांगत नाही.

या जोडणीचा, म्हणजे जीवनसत्त्वं अधिक साखळी या जोडणीचा, इतिहासही जुना आहे. कार्ल रेनबोर्ग नावाचा अमेरिकन गृहस्थ 1920 च्या दशकात चीनमध्ये होता. तिथली उपासमार बघून आहारातल्या कमतरतेचं वेड त्याला लागलं. परतल्यावर 1934 मध्ये त्याने कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वांची कंपनी काढली, तिचंच पुढे न्यूट्रिलाइट झालं. माल होता, खप नव्हता. तो 1945 मध्ये दोघांनी वाढवून दिला. त्यातला ली मायटिंगर हा स्मशानातल्या जागा विकणारा, आणि विल्यम कॅसेलबेरी मानसशास्त्रज्ञ. कादंबरीकाराला असली जोडी सुचली असती तर संपादकानं 'फारच ठरवून केलेलं वाटतं' म्हणून परत पाठवली असती. मृत्यू विकणाऱ्याने आणि मन वाचणाऱ्याने मिळून योजना आखली : विक्रेत्याने विक्रेते आणायचे आणि त्यांच्या खरेदीवर टक्का घ्यायचा. लगोलग अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्याने त्यांना धरलं. पावडरीसोबत एक पुस्तिका वाटली जाई आणि तीत नाना रोगांवर गुण येतो असं सुचवलेलं असे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1951 मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने असल्या दाव्यांना चाप लागला. त्याआधीच, 1949 मध्ये, रिच डीव्हॉस आणि जे व्हॅन अँडेल हे दोन तरुण त्या साखळीत शिरले होते. दहा वर्षांनी त्यांनी मिशिगनमध्ये स्वतःची कंपनी काढली, ती अ‍ॅमवे. म्हणजे पुढे साबण आणि भांडी आली, पण या झाडाचं मूळ जीवनसत्त्वांच्या डब्यात आहे.

त्या कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढे खटला चालला. 1979 मध्ये निकाल लागला की ही पिरॅमिड योजना नव्हे. हा निकाल आजही मिरज-सांगलीच्या मीटिंगांत छातीठोकपणे सांगतात. पण का नव्हे, ते कुणी सांगत नाही. कंपनीचे तीन नियम आयोगाने ग्राह्य धरले होते : आधीच्या मालातला 70 टक्के खपल्याशिवाय नवा उचलायचा नाही, महिन्याला दहा गिऱ्हाइकांना किरकोळ विक्री दाखवायची, आणि सोडून जाणाऱ्याचा माल कंपनीने परत घ्यायचा. तिन्ही नियमांत माझा तोच जुना प्रश्न बसलेला आहे. माल कोण घेणार? साखळी कायद्यात बसली ती बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या जोरावर.

आणि जिथे ते गिऱ्हाईक सापडलं नाही, तिथे काय होतं हेही त्याच आयोगाने दाखवलं. 2016 मध्ये हर्बलाइफ या वजन कमी करण्याच्या शेकसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता 20 कोटी डॉलर भरून तडजोड केली. बक्षीस माल उचलण्यावर मिळतं, खऱ्या गिऱ्हाइकाला विकण्यावर नाही, हा आरोपाचा गाभा होता. पुढच्या वर्षी जवळजवळ साडेतीन लाख माणसांना भरपाईचे चेक गेले. त्यांतले बहुतेक 100 ते 500 डॉलरचे होते.

मीटिंगमध्ये फळ्यावर जी वर्तुळं काढतात त्यांचं गणित मी बहिणीला मागच्या पानावर करून दाखवलं. तू सहा जण आणायचे, त्यांनी सहा-सहा. दहाव्या पायरीला 6 कोटी माणसं होतात, अकराव्याला 36 कोटी, तेराव्याला 1306 कोटी, म्हणजे पृथ्वी कमी पडते. हे गणित बऱ्याच जणांना माहीत असतं आणि त्याला मीटिंगमध्ये तयार उत्तरही असतं, 'सगळे थोडेच येतात, रोज नवी मुलं अठरा वर्षांची होतात'. ठीक आहे, ते मान्य करू. पृथ्वी कधीच संपत नाही असं धरू. तरी सहाच्या झाडात कुठल्याही दिवशी थांबून मोजलं तर सहातले पाच जण अगदी तळाला असतात. त्यांच्या खाली कुणी नसतं. तळाच्या दोन पायऱ्या मिळून 97 टक्के. हे बाजार भरल्यामुळे होत नाही, आळशीपणामुळेही नाही. झाडाची आकृतीच तशी आहे. सगळ्यांनी सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे केलं, तरीही.

अमेरिकेच्या त्याच व्यापार आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी 2024 मध्ये सत्तर साखळी कंपन्यांचे उत्पन्नाचे जाहीर तक्ते तपासले. बहुतेक माणसांना वर्षाला 1000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, आणि निदान 17 कंपन्यांत बहुतेकांना काहीच नाही. यातून खर्च वजा केलेला नव्हता. माझ्या बहिणीचे 9,850 रुपये म्हणजे एकटीचं दुर्दैव नव्हे, हे तिला त्यातून कळलं. त्याने तिला धीर आला की आणखी वाईट वाटलं, सांगता येत नाही.

यावर हुशार 'लीडर' एक टोला देतात, आणि तो वरवर बिनतोड असतो. "पिरॅमिड कुठे नाही? ऑफिसात नाही? वर एक साहेब, खाली शंभर शिपाई." खरं आहे. पण शिपायाला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो. आपली खुर्ची टिकवायला त्याला साहेबाकडून दरमहा साडेआठ हजारांची फाइल विकत घ्यावी लागत नाही. दुसरा टोला असा की, धंदे तर सगळेच बुडतात, दहातली आठ हॉटेलं बंद पडतात. पडत असतील. पण बंद पडलेल्या हॉटेलवाल्याचं भांडवल शेजारच्या चालणाऱ्या हॉटेलच्या गल्ल्यात जात नाही. इथे हरलेला माणूस हाच जिंकणाऱ्याचं गिऱ्हाईक असतो. तो हरला नसता, म्हणजे त्याने माल उचललाच नसता, तर वरच्याच्या गाडीचा हप्ता भरला गेला नसता. म्हणून तिथे सोडून जाणाऱ्याला 'क्विटर' म्हणून हिणवतात आणि नव्याचं टाळ्यांनी स्वागत करतात.

विमा एजंटही नातेवाईकांकडेच जातो, हे बहिणीनेच काढलं. मुद्दा चांगला होता. आपल्या सगळ्यांच्या घरात कुठल्यातरी मामाने गळ्यात मारलेली एखादी पॉलिसी असतेच. पण मामाला एजन्सी चालू ठेवण्यासाठी दर महिन्याला स्वतःचा विमा उतरवावा लागत नाही. पतसंस्थेचा पिग्मी एजंट दुकानोदुकानी फिरतो, त्याचं कमिशन दुकानदाराने भरलेल्या पैशांवर. बाजारपेठेत त्याच्या सायकलची घंटा वाजली की लोक गल्ला उघडतात. माझ्या माहितीत तरी त्याला बघून कुणी जिना बदलत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण कायदा इथे शेवटपर्यंत साथ देत नाही. बक्षीस चिठ्ठ्या आणि पैशांच्या साखळी योजनांवर 1978 चा बंदी कायदा आहे. त्याच्या आधारे 2007 मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने अ‍ॅमवेच्या योजनेविरुद्ध कडक मत नोंदवलं. 2022 मध्ये ईडीने तिची 757 कोटींहून अधिक किमतीची मालमत्ता तात्पुरती जप्त केली. 28 डिसेंबर 2021 ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. त्यांनुसार पिरॅमिडला बंदी आहे, प्रवेश शुल्क घेता येत नाही, विक्रेत्याने ओळखपत्र बाळगायचं, वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, आणि करार केल्यावर विचार बदलला तर दंड न भरता बाहेर पडायला मुदत मिळते. नियम चांगले आहेत. बहिणीने एकही पैसा प्रवेश शुल्क भरलं नव्हतं आणि खरेदीची सक्ती तिच्यावर कुणी केली नव्हती. फक्त साडेआठ हजारांचे पॉइंट झाले नाहीत तर कमिशन नाही, एवढंच होतं. दारातून हाकललेली अट खिडकीतून आत आली, आणि खिडकीला 'अ‍ॅक्टिव्ह' असं नाव होतं.

नावं तर सतत बदलतात. आधी डिस्ट्रिब्यूटर, मग असोसिएट, हल्ली अ‍ॅफिलिएट आणि 'वेलनेस कोच'. यातल्या अ‍ॅफिलिएट शब्दाशी जपून राहावं. इंटरनेटवर एखादी लिंक द्यायची, तिच्यावरून कुणी माल घेतला तर एकदाच टक्का मिळवायचा, स्वतः काही घ्यायचं नाही, खाली कुणी बसवायचं नाही, ही साधी दलाली झाली. कमाई बेताची, पण प्रामाणिक असू शकते. त्याच शब्दाच्या आड महिन्याची खरेदी आणि 'टीम' आली की समजायचं, जुनीच पावडर नव्या डब्यात भरली आहे.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, लोभी माणसं फसतात, त्यात काय एवढं. मला ते पटत नाही. लोभी माणूस सिमेंटच्या पोत्यात आणि प्लॉटमध्ये पैसे घालतो, सकाळी सहाला उठून सोळा ग्लास शेक ढवळत बसत नाही. या साखळीत मला भेटली ती कष्टाळू माणसं : बंद पडलेल्या शाळेची बाई, स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कारकून, मुलं परगावी गेलेली जोडपी. बहिणीला मी विचारलं, "इतकं असून वर्षभर का टिकलीस?" ती म्हणाली, "पुण्याच्या सेमिनारला मला स्टेजवर बोलावलं. माझं नाव माइकवरून पुकारलं. बालवाडीत बारा वर्षं काढली, निरोपसमारंभसुद्धा झाला नव्हता." यावर मी काय बोलणार? पन्नाशीच्या बाईला चार तासांचं, मानाचं, घराजवळचं काम आमच्या गावांनी दिलं असतं तर ते स्टेज रिकामं राहिलं असतं.

तसं काम देता येतच नाही असंही नाही. डीव्हॉस आणि व्हॅन अँडेल यांनी मिशिगनमध्ये कंपनी काढली ते साल 1959. त्याच सालच्या 15 मार्चला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्याचंच पुढे लिज्जत झालं. तिथे बाई पीठ घरी नेते, पापड लाटून आणते आणि वजनावर वणई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेऊन जाते. तिने स्वतः महिन्याला किती पापड खाल्ले याची चौकशी कुणी करत नाही. नवी बहीण आली तर जुनीला टक्का मिळत नाही. आज तिथे चाळीस हजारांहून अधिक बायका आहेत, आणि पापड खाते ती त्यांतली एकही न ओळखणारी दुनिया. खानावळीत ताटाच्या कडेला पापड येतो तेव्हा तो कुणी लाटला हे मला माहीत नसतं, ते माहीत नसणं हीच त्या धंद्याची तब्येत. बहिणीच्या वहीतलं प्रत्येक गिऱ्हाईक मात्र मला नावाने ठाऊक होतं.

लिज्जतमध्ये सगळं छान आहे असं नाही, वणईतून बंगला होत नाही. पण तिथल्या बाईला कमावतेय की घालवतेय हे विचारायला मामेभावाकडे बस करून जावं लागत नाही.

हिशोबात न बसलेला एक खर्च राहिला. साखळीत शिरलं की पहिल्याच आठवड्यात शंभर नावांची यादी करायला सांगतात. लग्नपत्रिका वाटायच्या यादीसारखी, फक्त उलट कामासाठी. मामा, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, भिशी, हळदीकुंकवाच्या बायका, दूधवाला, मुलाचे जुने मास्तर. माणूस पन्नास वर्षं वावरून जी ओळख कमावतो ती एका वहीत उतरवायची आणि क्रमाने फोन लावायचे. 'खरेदी', 'विक्री', 'कमिशन' असे रकाने कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतात. भिशीतून नाव कमी झालं, याला रकाना नाही. हळदीकुंकवाला आमंत्रण आलं नाही, यालाही नाही. भांडवल म्हणून जे लावलं ते पैसे नव्हतेच. पैसे पन्नास हजार, ते वर्ष-दोन वर्षांत भरून निघतील.

संध्याकाळ झाली. करारात माल परत घेण्याचं कलम होतं, सीलबंद डबे आणि तीस दिवसांची मुदत, त्यात तिचे दोनच डबे बसत होते. त्याचा अर्ज मी लिहून दिला. उरलेले डबे तिच्या घरी प्यायचे ठरले, तारखेच्या क्रमाने. ती निघताना दुसरी वही हातात घेऊन म्हणाली, "ही फाडून टाकू का?"

मी ती उघडली. शंभर नावं, शाईच्या पेनाने, बालवाडीच्या बाईच्या गोल अक्षरात. पुढे शेरे. 'नाही म्हणाली.' 'विचार करून सांगते.' 'फोन उचलत नाहीत.' सतराव्या क्रमांकावर माझं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'कामात आहेत. दिवाळीनंतर पुन्हा करणे.' त्याखाली वेगळ्या शाईत चार तारखा होत्या. चारही वेळा फोन वाजला होता आणि तिचं नाव बघून मी तो उशाखाली ठेवला होता.